वाळवीने सोडलेली चौकट

आमच्या अंगणाच्या दारातलं लाकूड वाळवीने कधी संपवलं ते कुणालाच कळलं नाही, कारण रंग शाबूत होता. दर वर्षी माझा नवरा विल्बेर्त त्या दाराला हिरवा रंग द्यायचा, दोन पावलं मागे सरकायचा, कंबरेवर हात ठेवायचा आणि म्हणायचा, "नव्यासारखं दिसतंय." दिसत होतंच. शेवटी शेवटी तर ते दार म्हणजे रंगाच्या थरांनी एकमेकांना धरून काढलेले दिवस होते. आमच्या नात्यात अशी लग्नंही आहेत, पण तो विषय वेगळा.

मग एका रविवारी माझ्या सासूबाई, दोन्या एर्मिला (आमच्याकडे बाईला आदराने दोन्या म्हणतात), कॉफीचा कप घेऊन दाराला टेकल्या आणि त्यांचं कोपर दारातून पलीकडे गेलं. पडल्या नाहीत. कॉफीही सांडली नाही. कोपर अंगणात आणि बाकीची बाई घरात, अशा अवस्थेत त्यांनी मला हाक मारली, "एल्सी, बाहेर ऊन छान पडलंय गं."

दुर्दैव असं, की नेमकं तेव्हाच विल्बेर्तच्या हातात फोन होता आणि फोनमध्ये माझी नणंद मिरेया होती. मिरेया दूर उत्तरेला मॉन्तेर्रेला राहते, अकराव्या मजल्यावर, जिथे सगळी दारं काचेची आहेत आणि त्यातलं एकही उघडत नाही.

"आई! अगं, ते काय झालं? ते दार आहे की बिस्किट?" ती ओरडली. "विल्बेर्त, माझी आई ह्या असल्या घरात झोपते? उद्या चोर नुसता शिंकला तरी आत येईल!"

"चोर कशाला शिंकेल?" विल्बेर्त म्हणाला. माझा नवरा मूळ मुद्द्यावर कधीच बोलत नाही.

"मी मेलेल्यांच्या सणाला येतेय. तोवर तिथे दारासारखं दार दिसलं नाही, तर परत जाताना आई माझ्याबरोबर विमानात असेल. कायमची. झालं, संपलं."

फोन ठेवल्यावर दोन्या एर्मिला आपल्या झुल्यात जाऊन पडल्या. आमच्या मेरिदा शहरात माणूस खाटेवर आजारी पडतो आणि झुल्यात जगतो. त्यांचा दोरीचा झुला दाराच्या चौकटीतल्या हुकापासून समोरच्या भिंतीतल्या हुकापर्यंत, लग्न होऊन ह्या घरात आल्यापासून तिथेच. घरात हूक पुष्कळ आहेत, पण वारा लागतो तो तिथेच आणि अंगणातलं आंबट संत्र्याचं झाड दिसतं तेही तिथूनच.

"अकरावा मजला?" त्यांनी विचारलं.

"लिफ्ट आहे म्हणतात, दोन्या एर्मिला."

"तुझ्या सासऱ्याला लिफ्टची भीती वाटायची. आणि त्याच्या गुडघ्यांचं तर तू बघितलंच आहेस. मेल्यापासून वर्षातून एकदा, सणाला, बिचारा येतो. अंगणातून येतो, जेवतो, जातो. त्याला मॉन्तेर्रेचा पत्ता कोण देणार?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत. त्यांनी कूस बदलली आणि तोंड भिंतीकडे केलं. झाडाकडे पाठ करून झोपलेलं मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. तेव्हाच मी ठरवलं की दार होणार, आणि असं होणार की मिरेयाची दातखीळ बसेल.

चूक एकच केली. हे मी संध्याकाळी गल्लीत बोलून दाखवलं.

संध्याकाळी आमच्याकडे सगळे खुर्च्या घेऊन रस्त्यावर बसतात. गार वाऱ्यासाठी, असं म्हणायची पद्धत आहे. खरं कारण म्हणजे घरात बसून दुसऱ्याला सल्ला देता येत नाही.

"अ‍ॅल्युमिनियम," रुसेल मास्तर म्हणाले. ते शाळेत भूगोल शिकवायचे आणि अजून शिकवतात, फक्त आता शाळा नाही. "दुसरा विचारच करू नका, दोन्या एल्सी. विमानं कशाची असतात? अ‍ॅल्युमिनियमची."

"विमानाला दुपारी घरात बसून जेवायचं नसतं, मास्तर."

त्यांना लागलं. कारण मास्तरांच्या घरी सगळी दारं अ‍ॅल्युमिनियमची आहेत, आणि दुपारी त्यांची बायको कडीला हात लावण्याआधी भट्टीतला तवा धरायचं फडकं घेते, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.

"प्लास्टिक!" समोरच्या दोन्या नेईदा म्हणाल्या. "माझ्या मुलीकडे प्लास्टिकचीच आहेत. काय आवाज येतो म्हणून सांगू बंद होताना! अगदी फ्रिजसारखा."

"आणि उघडताना?" मास्तरांनी विचारलं.

"उघडताना येत नाही."

"आवाज की दार?"

दार मे महिन्यात उन्हाने फुगलं होतं आणि पाऊस सरेपर्यंत त्यांच्या मुलीचा कुत्रा अंगणातच राहिला होता, ही हकीकत निघाली. दोन्या नेईदांनी खुर्ची उचलली आणि चार घरं पलीकडे जाऊन बसल्या. अ‍ॅल्युमिनियम आणि प्लास्टिक ह्यांच्यात तेव्हापासून बोलचाल नाही. काचेचं दार सुचवायला एक माणूस आला होता, पण त्याच्या कपाळावरचं टेंगूळ पाहून आम्ही कारण विचारलं नाही.

मग आम्ही शहराच्या उत्तरेच्या बाजूला, जिथे रस्त्यांना झाडं नसतात आणि घरांना पहारेकरी असतात, तिथल्या एका मोठ्या दुकानात गेलो. दुकानात नुसतीच दारं उभी होती, भिंतींशिवाय. टाय लावलेला एक गृहस्थ पुढे आला आणि त्याने विचारलं, "मॅडम, तुमची जीवनशैली कोणती?"

मी आजवर बऱ्याच दुकानांत अपमान करून घेतला आहे, पण इतका गोड आवाजात कुणी केला नव्हता.

"सासू," मी म्हटलं.

त्याने मान डोलवली. जणू हा प्रकार त्यांच्याकडे साठ्यात होता. त्याने एक दार दाखवलं. "हे फायबरचं. दिसायला लाकूड, वजनाला कागद, ताकदीला पोलाद. वाळवी बघतसुद्धा नाही."

विल्बेर्तने त्यावर बोटाने टकटक केली. "आत काय आहे?"

"फेस."

"काय?"

"फेस, साहेब. घट्ट झालेला."

विल्बेर्त बसमध्ये म्हणाला, "जन्मभर काबाडकष्ट केले, एल्सी, आणि शेवटी फेसाच्या आडोशाला झोपायचं?" त्याचा स्वर असा होता, की पुढच्या सीटवरच्या बाईने वळून मला दोष दिल्यासारखं पाहिलं.

लाकडाचंच दार का नाही, असं तुम्ही विचाराल. लाकडाचं नाव काढलं की विल्बेर्त वाळवीने खाल्लेल्या फळीचा तुकडा खिशातून काढून समोर धरायचा. तो तुकडा तो सगळीकडे घेऊन फिरत होता. पाद्रीबाबांनाही दाखवला.

आता परवानगीचं. आमची गल्ली जुनी आहे म्हणून तिच्या डोक्यावर एक कचेरी आहे. कचेरीचं नाव मी घेत नाही. पुन्हा तिथे जायची वेळ येऊ शकते. तिथे चाब्ले मॅडम नावाची तरुण बाई बसते. गळ्यात ओळखपत्र, समोर पंखा, आणि पंखा फक्त तिच्याकडे.

"दार रस्त्यावरून दिसतं का?" तिने विचारलं.

"नाही. मागच्या अंगणाचं आहे."

"म्हणजे तुम्ही तिथे काय करता ते कुणालाच दिसणार नाही?"

"कुणालाच नाही."

"म्हणूनच तर आम्हाला बघावं लागतं," ती म्हणाली. "रस्त्यावरून काढलेला फोटो आणा."

मी रस्त्यात उभी राहून घराचा फोटो काढला, नेऊन दिला. तिने तो उलटासुलटा पाहिला. "ह्यात दार कुठे आहे?"

"ते रस्त्यावरून दिसत नाही."

"मग हा फोटो चालणार नाही. दार दिसत नाही ह्यात."

मी म्हटलं, मॅडम, बाळ, मी तुझ्या आईच्या वयाची आहे, तूच सांग मी कुठे उभी राहू. त्यावर तिने जरा विचार केला आणि म्हणाली, "आम्हीच येऊन पाहणी करू." कधी? "येऊ." देवाच्या दुसऱ्या आगमनाबद्दलही पाद्रीबाबा ह्याहून नेमकं सांगतात.

सण जवळ आला. कचेरी येईना. दोन्या एर्मिला भिंतीकडे तोंड करूनच झोपत होत्या आणि एके दिवशी मला त्यांच्या झुल्याखाली एक पिशवी दिसली. तिच्यात त्यांचे दोन फुलाफुलांचे झगे, जपमाळ आणि सासऱ्यांचा फोटो होता. मी ती पिशवी रिकामी केली आणि चेल मिस्त्रीला बोलावलं.

चेल मिस्त्रीने मधला मार्ग काढला. अ‍ॅल्युमिनियमचं दार, त्यावर लाकडाचा फोटो. म्हणजे मास्तरही खूश, कचेरीही खूश, वाळवीही फसणार. त्या फोटोत एकाच झाडाची एकच गाठ दर वितीला परत परत यायची, उचकी लागल्यासारखी. पण आमच्या घरात नजर कुणाचीच धड नाही.

"जुनी चौकटही काढावी लागेल," मिस्त्री म्हणाला. "माझ्या दाराला माझी चौकट."

चौकट निघेना. मिस्त्री घाम पुसत होता, छिन्नीला धार लावत होता, पुन्हा भिडत होता. करवतीचे दात गेले. विल्बेर्त बाजूला उभा राहून म्हणत होता, "वाळवीने खाल्लेलं असून बघ कसं चिवट आहे!" मीही मान डोलावली. वाळवीने दार खाल्लं आणि चौकटीला तोंडही लावलं नाही. का लावलं नाही, हा साधा प्रश्न तिथे उभ्या असलेल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात आला नाही. वाळवीला जे कळत होतं ते आम्हाला कळायला पुढे एक सरकारी बाई यावी लागली.

"आणि माझा हूक?" दोन्या एर्मिलांनी विचारलं.

"बसवतो की, दोन्या," म्हणत मिस्त्रीने अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीत हूक पिळून बसवला. "आता ह्याला बैल टांगा."

सासूबाई चिमणीएवढ्या. त्या झोपल्या, झुलल्या, काही झालं नाही. पण दाराशी त्यांचं जमेना. त्या ढकलायच्या.

"ढकलायचं नाही, बाजूला सरकवायचं."

"बाजूला कुठलं दार उघडतं गं? आणि हे त्याला कोण सांगणार? तो येईल, बापडा ढकलत बसेल, आणि सकाळ झाली की उपाशीच जाईल." शेवटी त्यांनी ते उघडं ठेवून मध्ये तुळशीएवढी एक कुंडी लावून टाकली.

जुन्या चौकटीची ती काळी, जड लाकडं अंगणात पडली होती. सणाच्या दिवशी सकाळी अंगणात सणाचं जेवण पुरून भाजायचा खड्डा खणून झाला, दगड आले, केळीची पानं आली, कोंबडी भरलेल्या मक्याच्या जाड भाकरी बांधून झाल्या, आणि मग कळलं की विल्बेर्त सरपण आणायला विसरला आहे. तो विसरला असं तो म्हणत नाही. तो म्हणतो, "घरात एवढं लाकूड पडलेलं असताना विकतचं आणणारा मी मूर्ख आहे का?" चौकट खड्ड्यात गेली. काय जळली, काय जळली! दगड लालभडक झाले. वर भाकरी ठेवून, पानं टाकून, माती ओढली आणि आम्ही मिरेयाची वाट बघत बसलो.

मिरेया आली ती थेट दाराकडे. तिने कुंडी बाजूला केली. दार सरकवलं, परत सरकवलं, कुलूप लावलं, काढलं, लाकडाच्या फोटोवरून नख फिरवलं. सापडेना काही. "बरं आहे," ती म्हणाली. गळू बघून डॉक्टर म्हणतात तसं. मी स्वयंपाकघरात जाऊन एकटीच हसून घेतलं. दोन्या एर्मिला टेबलावर सासऱ्यांचा फोटो, चॉकलेटचा पेला आणि संत्री मांडत होत्या, आणि गुणगुणत होत्या.

खड्डा उघडला. तो वास! गल्लीत प्रत्येक घरी खड्डा होता, तरी लोक आमच्या भिंतीवरून डोकावू लागले. आधी मेलेल्यांना वाढलं, प्रार्थना झाली, मग जिवंत माणसं बसली. रुसेल मास्तर आले, दोन्या नेईदा आल्या, दोघं टेबलाच्या दोन टोकांना. आणि एवढ्यात पुढच्या दारात कोण उभं? गळ्यात ओळखपत्र. कामाच्या दिवशी जी कचेरी जागेवर सापडत नाही, ती सणाच्या दिवशी, जेवणाच्या वेळेला, वासाचा माग काढत आमच्या घरी आली होती.

"पाहणी," चाब्ले मॅडम म्हणाली, पण तिची नजर ताटांवर होती.

"आधी खा, पोरी," सासूबाई म्हणाल्या. त्या दिवशी दारात आलेल्याला न खाऊ घालता पाठवत नाहीत, मग ते सरकार का असेना.

ती खायला लागली. डोळे मिटून खात होती. कचेरीतली ती हीच का, असं वाटावं. "ह्या धुराची चव काही वेगळीच आहे हो. कुठलं लाकूड वापरलंत?"

"घरचंच," विल्बेर्त छाती काढून म्हणाला.

"छान. आणि काळजी करू नका, दार तुम्ही कशाचंही लावा. लाकूड, लोखंड, पुठ्ठा. आम्हाला दाराशी काही देणंघेणं नाही. आम्ही फक्त चौकट बघतो. ह्या गल्लीतल्या चौकटी जुन्या सापोते लाकडाच्या आहेत. असं लाकूड आता मिळत नाही. वाळवीचे दात पडतील, पण त्याला काही होणार नाही. तेवढी चौकट दाखवा, की मी सही करते."

विल्बेर्त चावायचा थांबला. मास्तरांनी छताकडे पाहिलं. दोन्या नेईदांनी, कित्येक आठवड्यांनंतर प्रथमच, मास्तरांकडे पाहिलं.

"कुठे आहे चौकट?" चाब्ले मॅडमने विचारलं.

"ताटात आहे, पोरी," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या."

तिने ताटाकडे पाहिलं. मग अंगणातल्या खड्ड्याकडे. मग पुन्हा ताटाकडे. आणि मला सांगायला हवं, की तिने तोंडातला घास गिळला.

मिरेया मात्र उठून उभी राहिली. तिचा चेहरा उजळला होता. "जाळली? सरकारने जपलेली चौकट जाळली? आणि भाकरी भाजल्या तिच्यावर? आणि ह्या लोकांच्या हाती मी माझी आई ठेवायची? आई, पिशवी भर. मी आत्ताच्या आत्ता तिकीट काढते."

दोन्या एर्मिलांनी हातातला पेला सासऱ्यांच्या फोटोसमोर ठेवला आणि तो नीट ठेवला गेला की नाही हे बघायला नको तितका वेळ लावला. मिरेया बरोबर होती. आम्ही मूर्खच होतो.

फोन हातात धरून मिरेया तरातरा गेली आणि राग आलेला माणूस आमच्याकडे जिथे आपटतो तिथेच जाऊन आपटली. आईच्या झुल्यात.

चेल मिस्त्रीने बैल टांगा म्हटलं होतं. मिरेयाला मी बैल म्हणणार नाही, ती माझी नणंद आहे. पण चिमणी ती नव्हे. आधी एक कर्र आवाज झाला, मग भिंतीतून माती झरली, आणि मग अख्खं दार, फोटोतल्या लाकडासकट, गाठींसकट, चौकटीसकट, अगदी सावकाश, जणू नमस्कार करायला, आत वाकलं. धूळ बसली तेव्हा मिरेया जमिनीवर बसली होती आणि अ‍ॅल्युमिनियमची चौकट तिच्याभोवती पडली होती. भिंतीवर लावतात त्या तसबिरीसारखी. फोन हातात होता. तिकीट निघालं नव्हतं.

"आई गं!" ती म्हणाली. मॉन्तेर्रेला गेल्यापासून तिने हा शब्द असा उच्चारलेला मी ऐकला नव्हता.

सासूबाई चौकट ओलांडून आत शिरल्या, तिच्याजवळ जमिनीवर बसल्या आणि तिचं डोकं छातीशी धरलं. "उगी. उगी. कुठे लागलं माझ्या पोरीला?" बसल्याबसल्या त्यांचं लक्ष वर गेलं. दाराच्या जागी आता भलंमोठं भगदाड होतं, आणि त्यातून झाड, आकाश आणि विझत आलेला खड्डा, सगळं एकदम दिसत होतं. "चला," त्या म्हणाल्या, "आता तो सरळ येईल. ढकलायला नको की सरकवायला नको."

चाब्ले मॅडम उठली, भगदाडापाशी गेली, आत पाहिलं, बाहेर पाहिलं. मग कागदावर सही केली.

"नियम चौकटीला आहे," ती म्हणाली. "भोकाला नाही." जाताना तिने आईसाठी म्हणून एक भाकरी पानात बांधून घेतली. म्हणजे आता ह्या गुन्ह्यात तिची आईसुद्धा सामील आहे.

मिरेयाचं माकडहाड दुखावलं होतं. डॉक्टर म्हणाले, झोपा, उभ्या राहा, पण बसायचं नाव काढू नका. विमानात उभ्याने कुणी नेत नाही. तेव्हा मिरेया दुसऱ्या एका झुल्यात आडवी झाली, आणि जिला न्यायला आली होती ती तिला चमच्याने अटोल, म्हणजे मक्याची पेज, भरवू लागली. दोघींचं दिवसभर भांडण चालतं: साखर कमी का, लहानपणी मला मांजर का पाळू दिलं नाही, बाबांची सायकल कुणी विकली. दोन्या एर्मिला आता अंगणाकडे तोंड करून झोपतात.

दाराच्या जागी मी टेबलावरची जुनी चादर शिवून लावली आहे. पिवळी, फुलांची. रुसेल मास्तर आणि दोन्या नेईदा मिळून बघायला आले. "कापड?" दोघं एका सुरात म्हणाले, आणि त्या तिरस्काराने त्यांची पुन्हा मैत्री झाली. रोज संध्याकाळी शेजारी शेजारी खुर्च्या लावून ते माझ्या पडद्याची नालस्ती करतात. करोत. उन्हात तो फुगत नाही, तापत नाही, वाळवी त्याच्याकडे बघत नाही, आणि मेलेल्या माणसाला तो कसा उघडायचा हे शिकवावं लागत नाही.

परवा दुपारी पडदा जरा बाजूला झाला होता. अंगणात मिरेया स्टुलावर चढून, टाचा उंचावून, वरच्या फांदीची आंबट संत्री तोडत होती. फोन खांद्याशी दाबून ती ऑफिसला सांगत होती, "नाही हो, अजून बसताच येत नाही. काय करणार? डॉक्टर म्हणतात अजून महिना तरी." मग ती स्टुलावरून उतरली, त्याच स्टुलावर मांडी घालून ऐसपैस बसली आणि संत्रं सोलू लागली.

मी मागे वळले. दोन्या एर्मिला झुल्यात जाग्याच होत्या. त्यांनीही पाहिलं होतं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि हाताने खूण केली.

मी पडदा ओढून घेतला.